पाच कोटींच्या गाडीला सहा टक्के, स्कूटरला अकरा: अर्थमंत्री आणि परिवहनमंत्र्यांना खुलं पत्र

प्रति,
मा. अर्थमंत्री व मा. परिवहनमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय: मोटार वाहन कराची वाढ आणि ती नेमकी कोणाच्या माथी बसते याबाबत.

महोदय,

कर वाढला की लगेच बोंब मारणाऱ्यांतला मी नाही. रस्ता हवा, शाळा हवी, सरकारी दवाखान्यात डॉक्टर हवा, तर पैसे कोणीतरी द्यायला हवेत, एवढं मलाही कळतं. माझा आक्षेप वेगळा आहे. गेली काही वर्षं गाड्यांवरच्या कराचे जे निर्णय होत आहेत, त्यांत एक गोष्ट सारखी दिसते. जो राज्य सोडून जाऊ शकतो किंवा ज्याचा आवाज सभागृहापर्यंत पोचतो, त्याला सवलत मिळते. जो कुठेच जाऊ शकत नाही, त्याच्याकडून वसुली होते. हे पत्र त्या दुसऱ्या गटातल्या माणसाचं आहे.

मी नाशिकचा. ठिबक सिंचनाच्या सुट्या भागांचं दुकान आहे. लॅटरल, ड्रिपर, व्हेंचुरी, फिल्टरच्या जाळ्या असा माल. निफाड, दिंडोरी, चांदवड, येवला या पट्ट्यात फिरावं लागतं, कारण द्राक्षाच्या छाटणीच्या दिवसांत फिल्टर तुंबला तर शेतकरी दुकानात येत नाही, फोन करतो आणि "आत्ता या" म्हणतो. तेव्हा गाडी ही माझी चैन नाही. एसटीने जा म्हणाल, तर जानेवारी २०२५ मध्ये एसटीचं भाडं १४.९५ टक्क्यांनी वाढलं तेही सोसलं असतं. पण चार बंडलं पाइप घेऊन मळ्यापर्यंत एसटी जात नाही.

आता मुद्द्याकडे येतो, आणि आकड्यांनिशी येतो.

वैयक्तिक वापराच्या पेट्रोल गाडीला आपल्या राज्यात एकरकमी कर (नोंदणीच्या वेळी एकदाच भरायचा) असा आहे: १० लाखांपर्यंत ११ टक्के, १० ते २० लाखांना १२, त्यावर १३. डिझेलला हेच दर १३, १४ आणि १५. सीएनजीला ७, ८, ९ होते. १ जुलै २०२५ पासून ते ८, ९, १० झाले. मार्च २०२५ च्या अर्थसंकल्पात हा एक टक्का वाढवला, तेव्हा त्यातून सुमारे १५० कोटी जादा मिळतील असा अंदाज दिला होता.

एक टक्का म्हणजे काय मोठंसं, असं कोणी म्हणेल. आठ लाखांच्या सीएनजी गाडीवर आधी ५६ हजार भरावे लागत, आता ६४ हजार. आठ हजारांनी कोणी भिकेला लागत नाही, मान्य. पण सीएनजीची गाडी कोण घेतं ते बघा. पेट्रोलच्याच मॉडेलपेक्षा ती जवळपास लाखभर महाग असते. डिकीत सिलिंडर बसतो, त्यामुळे माझी पाइपाची बंडलं मागच्या सीटवर येतात आणि ड्रिपरच्या पिशव्या पायाशी. दर तीन वर्षांनी सिलिंडरची हायड्रो टेस्ट करून घ्यावी लागते. पंपावर रांग, रांगेत नंबर लागला की सगळ्यांनी खाली उतरायचं, आणि तेवढ्यात पंपावरचा पोरगा सांगणार, "प्रेशर नाही, अर्धीच भरेल." मग पुढच्या पंपावर परत तीच रांग. एवढं सगळं माणूस कशासाठी सोसतो? किलोमीटरमागे दोन-तीन रुपये वाचावेत म्हणून. ज्याचं रोजचं फिरणं जास्त आणि खिसा बेताचा, तोच सीएनजीकडे वळतो. हौसेने कोणी सिलिंडर डिकीत घेऊन हिंडत नाही.

आणि आम्हाला तिकडे वळायला सांगितलं कोणी? तुम्हीच. १ एप्रिल २०२२ पासून राज्याने सीएनजीवरचा व्हॅट १३.५ टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर आणला. उत्तम निर्णय होता. पर्यावरणासाठी नैसर्गिक वायू वापरा, असं तेव्हा सांगितलं गेलं. लोकांनी ऐकलं, गाड्या घेतल्या, पंपांवर रांगा लागल्या. तीन वर्षं झाली आणि त्याच गाड्यांवरचा कर वाढवला. मधल्या काळात सरकारं बदलली हे ठाऊक आहे, पण तिजोरी तीच आहे आणि खातंही तेच.

आता गंमत पुढे आहे. त्याच मार्च २०२५ च्या अर्थसंकल्पात ३० लाखांवरच्या इलेक्ट्रिक गाड्यांना ६ टक्के कर लावायचा प्रस्ताव होता. तो महिन्याभरातच मागे घेतला गेला. विधान परिषदेत प्रश्न आला, पर्यावरणाचा मुद्दा निघाला आणि कर रद्द झाल्याचं सभागृहातच जाहीर झालं. इलेक्ट्रिक गाड्या वाढाव्यात, याबद्दल माझं दुमत नाही. १० लाखांच्या इलेक्ट्रिक गाडीला करमाफी असावी, १५ लाखांच्या गाडीलाही असावी. पण जो माणूस ४० लाखांची गाडी घेऊ शकतो, तो ६ टक्क्यांनी बिचकेल आणि पुन्हा डिझेलकडे जाईल, हे काही पटत नाही. आणि पर्यावरणाचाच विचार असेल, तर आठ लाखांच्या सीएनजी गाडीवाल्याच्या बाबतीत तो विचार कुठे गेला? दोन्ही प्रस्ताव एकाच भाषणातले. एक मागे घेतला, दुसरा राहिला. जो मागे घेतला तो श्रीमंतांच्या गाड्यांवरचा होता. मी यात कोणाच्या हेतूवर शंका घेत नाही. जे झालं ते फक्त शेजारी शेजारी ठेवून दाखवतोय.

आता शीर्षकातल्या हिशेबाकडे. आपल्या राज्यात एकरकमी कराला कमाल मर्यादा आहे. ती २० लाख होती, आता ३० लाख केली आहे. म्हणजे गाडी कितीही महाग असो, ३० लाखांच्या पुढे कर नाही. परदेशातून आलेल्या गाडीला दर २० टक्के, त्यामुळे दीड कोटीच्या गाडीलाच ही मर्यादा गाठली जाते. त्यावरचा प्रत्येक रुपया करमुक्त. पाच कोटींच्या गाडीचा कर काढा: ३० लाख, म्हणजे सहा टक्के. आणि ११० सीसीची, ९० हजारांची स्कूटर घेणाऱ्या मुलीला ११ टक्के, म्हणजे ९ हजार ९००. तिला त्या कमाल मर्यादेचा काहीच उपयोग नाही. तिची स्कूटर आणखी पाच हजारांनी महागली, तर त्या पाच हजारांवरही ११ टक्के.

तुम्ही म्हणाल, मर्यादा आम्ही वाढवलीच ना, २० ची ३० केली. केली, आणि ते चांगलं केलं. पण मर्यादा मुळात आली कशी, ते आठवून बघा. जुलै २०१७ मध्ये राज्याने सगळ्या गाड्यांचा कर दोन-दोन टक्क्यांनी वाढवला. पेट्रोलचे दर ९, १०, ११ होते, ते आजचे ११, १२, १३ झाले. दुचाकींचे ८, ९, १० वरून १०, ११, १२ झाले. कारण दिलं की जीएसटी आल्यामुळे जकात (शहरात येणाऱ्या मालावरचा कर) आणि एलबीटी (तिच्या जागी आलेला स्थानिक संस्था कर) गेले, तूट भरून काढायची आहे. त्याच निर्णयात आलिशान गाड्यांना २० लाखांची मर्यादा घालण्यात आली. कारण काय? महागड्या गाड्यांचे मालक कर वाचवण्यासाठी दुसऱ्या राज्यात नोंदणी करतात, त्यामुळे आपला महसूल बुडतो.

म्हणजे ज्यांनी कर चुकवण्यासाठी शेजारच्या राज्याचा पत्ता दिला, त्यांना परत आणायला सवलत. आणि ज्यांना दुसऱ्या राज्याचा पत्ताच नाही, त्यांना दोन टक्के जास्त. स्कूटर घेणारी मुलगी काही पुदुच्चेरीला जाऊन नोंदणी करणार नाही. बाहेरच्या राज्याची गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त काळ इथे ठेवली, तर इथे नोंदवून घेणं मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७ नुसार बंधनकारक आहे. ती अंमलबजावणी कडक करता आली असती. ती करायला मनुष्यबळ लागतं, वाद होतात, मोठे फोन येतात. मर्यादा घालायला एका अधिसूचनेत काम होतं.

याच कलमाची दुसरी बाजू सामान्य नोकरदाराला बसते, तीही सांगतो. नागपूरचा मुलगा नोकरीसाठी बंगळुरूला गेला आणि सोबत गाडी नेली की वर्षाच्या आत त्याला कर्नाटकात पुन्हा कर भरावा लागतो, आणि इथे पंधरा वर्षांचा म्हणून भरलेल्या करातला उरलेला भाग परत मिळवायला त्याने अर्ज, एनओसी, तिकडच्या नोंदणीचा पुरावा घेऊन आरटीओचे खेटे घालायचे. २०२१ मध्ये आलेल्या बीएच (म्हणजे 'भारत') या देशभर चालणाऱ्या नंबर मालिकेत दर दोन वर्षांनी कर भरायची सोय आहे, पण ती सरकारी नोकरांना आणि चार किंवा अधिक राज्यांत कार्यालयं असलेल्या कंपन्यांच्या नोकरांना. छोट्या कंपनीत काम करणाऱ्याला नाही, आणि माझ्यासारख्या दुकानदाराला तर नाहीच.

जकातीबद्दल आणखी थोडं बोलायला हवं. जीएसटी लागू करताना राज्यांच्या महसुलाची भरपाई करायचा कायदा केंद्राने केला होता. पाच वर्षं, दरसाल १४ टक्के वाढ गृहीत धरून. तो काळ जून २०२२ मध्ये संपला. त्या पाच वर्षांत राज्याला भरपाई मिळत होती आणि गाडी घेणारा माणूस ते दोन टक्केही भरत होता. जकात जाऊन आता इतकी वर्षं झाली, की आज गाडी घेणाऱ्या तरुणांना जकात नाका म्हणजे काय हे सांगावं लागतं. तूट भरून निघाली का? निघाली असेल तर दोन टक्के परत कधी घेणार? नसेल तर किती उरली? हा प्रश्न कोणत्याच अर्थसंकल्पात विचारला गेल्याचं मला आठवत नाही, उत्तर तर दूरच.

पेट्रोलचंही असंच. २०१५ मध्ये दुष्काळ पडला, म्हणून लिटरमागे दोन रुपये अधिभार आला. दुष्काळासाठी पैसे द्यायला कोणाचीच ना नव्हती, आमच्या येवला-नांदगाव बाजूची परिस्थिती आम्ही डोळ्यांनी पाहिली होती. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने महामार्गालगतची दारूची दुकानं बंद झाली, मद्याचा महसूल घटला, म्हणून पेट्रोलवर पुन्हा अधिभार वाढला. (दारू दुसऱ्याने प्यायची बंद करायची आणि त्याचे पैसे गाडीवाल्याने द्यायचे, हा न्याय मला अजून समजलेला नाही.) जून २०२० मध्ये टाळेबंदीमुळे आणखी दोन रुपये वाढले. मधे मधे कमीही झाले, हे नाकारत नाही. जुलै २०२२ मध्ये पेट्रोल पाच रुपयांनी आणि डिझेल तीन रुपयांनी उतरलं, ते राज्य सरकारच्याच निर्णयाने. तरी व्हॅटच्या टक्क्यांवर लिटरमागे ५ रुपये १२ पैसे उरले. हे १२ पैसे कोणत्या संकटाचे उरले आहेत, हे एखाद्या अधिकाऱ्याने सांगितलं तर मला खरंच ऐकायला आवडेल. पाऊस पडून गेला, दारूची दुकानं पुन्हा उघडली, टाळेबंदी उठली. अधिभार मात्र जागेवरच.

जुलै २०२४ मध्ये पेट्रोलचा व्हॅट २६ वरून २५ टक्क्यांवर आणला, डिझेलचा २४ वरून २१ वर. कुठे? मुंबई, ठाणे, नवी मुंबईत. बाकीच्या महाराष्ट्रात दर आधीच तेवढा होता, तेव्हा नाशिककराच्या पदरात त्यातून काही पडलं नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईत शिरण्याच्या पाचही नाक्यांवर हलक्या वाहनांचा टोल माफ झाला. मुंबईला जाताना माझेही ते ४५ रुपये वाचतात, नाही म्हणत नाही. पण विधानसभेच्या तोंडावर ही माफी होते आणि निवडणूक होऊन गेली की पहिल्याच अर्थसंकल्पात सीएनजीचा कर वाढतो, तेव्हा माणूस दोन्हींची बेरीज करतोच.

शोरूममध्ये गाडी घ्यायला गेलं की हातात कोटेशनचा कागद देतात. तो कागद एकदा आपण दोघांनी निवांत बसून वाचावा, अशी माझी विनंती आहे. वरती एक्स-शोरूम किंमत. तिच्यातच जीएसटी आहे. खाली आरटीओ, म्हणजे राज्याचा कर. त्याखाली विमा, त्यावर १८ टक्के जीएसटी. सप्टेंबर २०२५ मध्ये वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्य विम्याचा जीएसटी माफ झाला, गाडीच्या विम्याचा नाही, आणि थर्ड पार्टी विमा तर कायद्याने सक्तीचा आहे. मग फास्टॅग. गाडी १० लाखांच्या वर गेली तर एक टक्का टीसीएस (विक्रेत्याने आगाऊ घेतलेला कर), तो आयकरात वळता होतो म्हणा, पण आधी खिशातून जातो. सेल्समन प्रत्येक ओळीखाली पेनाने रेघ मारतो आणि "हे काय, सरकारचंच आहे साहेब" म्हणतो. घासाघीस होते ती सीट कव्हर आणि मॅटवर.

त्या कागदावरची आरटीओची ओळ नीट पाहिली, तर कळतं की राज्याचा कर हा जीएसटीसकट किमतीवर लागतो. कारखान्यातून सहा लाखांना निघालेली छोटी पेट्रोल गाडी घ्या. १८ टक्के जीएसटी धरून ती ७ लाख ८ हजार होते. त्यावर ११ टक्के, म्हणजे ७७ हजार ८८०. यातले ११ हजार ८८० रुपये हे गाडीवरचे नाहीत, जीएसटीच्या रकमेवरचे आहेत. करावर कर. पूर्वी जीएसटी आणि उपकर मिळून २९ टक्के होते, तेव्हा हा आकडा आणखी मोठा होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्या १८ टक्क्यांत आल्या आणि आपोआप राज्याचा करही थोडा उतरला, त्याचं श्रेय जीएसटी परिषदेला. परिषदेत राज्यही बसतं, म्हणून थोडं तुम्हालाही. पण स्वतःच्या हातात असलेल्या दराला राज्याने हात लावला नाही.

टक्केवारीने कर घेण्यात सरकारची आणखी एक सोय असते. किंमत वाढली की कर स्वतःहून वाढतो, मंत्रिमंडळाची बैठक लागत नाही. एप्रिल २०२० ला बीएस-६ हे धुराचे कडक निकष आले, गाड्या महागल्या. एअरबॅग वाढल्या, पुन्हा महागल्या. सुरक्षा हवी, धूर कमी हवा, सगळं बरोबर. पण सरकारनेच सांगितलेल्या एअरबॅगवरही राज्य ११ टक्के घेतं. असं असताना दरही वाढवायचे, म्हणजे दुहेरी वाढ झाली. शिवाय १० लाखांची पायरी २०१७ मध्ये होती तिथेच आज आहे. तेव्हा १० लाखांत जी गाडी यायची, ती आज येत नाही, हे सांगायला अर्थतज्ज्ञ लागत नाही. ही पायरीही कशी विचित्र आहे पाहा. ९ लाख ९५ हजारांच्या पेट्रोल गाडीला कर १ लाख ९ हजार ४५०. १० लाख ५ हजारांच्या गाडीला १ लाख २० हजार ६००. किमतीत फरक दहा हजारांचा, करात फरक ११ हजार १५० चा! आयकरात वाढीव दर फक्त वरच्या रकमेवर लागतो. गाडीच्या बाबतीत पायरी ओलांडली की मुळापासून सगळ्या किमतीवर लागतो. हे दुरुस्त करायला एक बैठक पुरे.

गाडी जुनी असणाऱ्याची तर वेगळीच तऱ्हा. आमच्या गल्लीत एक मंडपवाला आहे. त्याची ओम्नी वीस वर्षांपलीकडची आहे, मागच्या सीट काढून त्यात कनाती आणि वायरी भरतो. गाडी विकली तर मोटारसायकलचे पैसे येणार नाहीत. पंधरा वर्षांवरच्या मोटारीच्या नोंदणी नूतनीकरणाची फी एप्रिल २०२२ मध्ये ६०० वरून ५ हजार झाली, ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या गाड्यांना १० हजार. हा नियम केंद्राचा, मान्य. त्यावर राज्याचा पर्यावरण कर वेगळा. मग नव्या नंबरप्लेटचे ७४५ रुपये आणि त्यावर जीएसटी, तिची मुदत तर किती वेळा वाढली ते विचारू नका. आता त्याने काय करायचं? जुनी गाडी भंगारात काढ आणि नवी घे, असं धोरण सांगतं. नवीन छोट्या टेम्पोकडे तो पाहायला गेला, तर तिथेही २०२५ चा अर्थसंकल्प आडवा आला: ७,५०० किलोपर्यंतच्या हलक्या मालवाहू गाड्यांना किमतीच्या ७ टक्के एकरकमी कर सक्तीचा. पाच लाखांच्या टेम्पोला ३५ हजार, आणि तेही पहिल्याच दिवशी. आधी वर्षाच्या वर्षाला थोडा थोडा भरायची सोय होती. ज्याचा धंदा लग्नसराईच्या चार महिन्यांवर चालतो, त्याला एकदम ३५ हजार आणि वर्षाला काही हजार यांतला फरक फार मोठा असतो. बऱ्याच ठिकाणी कर्ज एक्स-शोरूम किमतीच्या हिशेबाने मिळतं, त्यामुळे कराची रक्कम रोखीने उभी करावी लागते. ती मग पतपेढीतून किंवा सोनं ठेवून येते, तिचं व्याज वेगळं.

हा सगळा पैसा जातो कुठे, असा प्रश्न लोक विचारतात आणि रस्त्यावरच्या खड्ड्यांकडे बोट दाखवतात. मोटार वाहन कर राज्याच्या एकत्रित निधीत जमा होतो. तो रस्त्यांवरच खर्च व्हावा, असं बंधन नाही. मला त्यात गैर वाटत नाही. अंगणवाडीला गेला तरी चालेल. पण मग रस्त्यासाठी टोल वेगळा कशाला, हे तरी सांगा. समृद्धी महामार्गावर मोटारीला किलोमीटरला २ रुपये ६ पैसे आहेत, एप्रिल २०२५ पूर्वी १ रुपया ७३ पैसे होते. केंद्राने ऑगस्ट २०२५ मध्ये फास्टॅगचा वार्षिक पास काढला, तेव्हा ३ हजार रुपयांत २०० फेऱ्या. घोटीला किंवा पिंपळगाव बसवंतला तो चालतो, कारण ते राष्ट्रीय महामार्ग आहेत. समृद्धीवर चालत नाही, मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर चालत नाही, कारण ते राज्याचे. केंद्राने दिलेली सवलत राज्याच्या हद्दीत आली की संपते. आणि मुंबईला जाताना भिवंडी-ठाण्याकडच्या वडपे ते माजिवडा रस्त्याच्या रुंदीकरणात पावसाळ्यात जे हाल झाले, ते मी लिहायला नको. मंत्र्यांच्या ताफ्यांनीही तो रस्ता अनुभवलाय.

आता काय करावं, असं आपण विचाराल. मी तज्ज्ञ नाही, पण दुकान चालवतो, त्यामुळे जमाखर्च कळतो. सीएनजीचा वाढवलेला एक टक्का १० लाखांपर्यंतच्या गाड्यांसाठी तरी मागे घ्यावा. त्याने जी तूट येईल, ती भरून काढायला ३० लाखांची मर्यादा काढून टाका, किंवा निदान तिच्यावरच्या किमतीला दोन-तीन टक्के लावा. कोट्यवधींची गाडी घेणारा राज्य सोडून जाईल ही भीती असेल, तर कलम ४७ हातात आहे. ज्या शहरांत या गाड्या रोज दिसतात, तिथल्या सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये बाहेरच्या राज्यांच्या पाट्या शोधायला गुप्तहेर लागत नाहीत. आणि जे मिरवण्यासाठी पैसे मोजायला तयार आहेत, त्यांच्याकडून हवं तेवढं घ्या. ऑगस्ट २०२४ मध्ये ०००१ या नंबरची फी तुम्ही मोटारीसाठी पाच लाख, आणि मुंबई-पुण्यासारख्या ठिकाणी सहा लाख केली. ती दहा करा, माझी काडीचीही तक्रार नाही.

कराची आकारणी जीएसटी वगळून मूळ किमतीवर करावी. लगेच सगळ्यांना जमत नसेल, तर दुचाकी आणि छोट्या गाड्यांपासून सुरुवात करा. १० लाखांच्या पायरीवरची उडी काढून वाढीव दर फक्त वाढीव रकमेवर लावा. छोट्या मालवाहू गाड्यांना हप्त्याने किंवा वार्षिक कर भरायची मुभा परत द्या. सरकारला पैसे तेवढेच येतील, फक्त थोडे उशिरा. आणि यापुढे एखाद्या संकटाचं कारण देऊन अधिभार लावायचा झाला, तर त्याच अधिसूचनेत तो संपण्याची तारीख छापा. मुदतवाढ द्यायची असेल तर सभागृहात उभं राहून कारण सांगा. दुष्काळाचा कर दुष्काळानंतरही चालू ठेवायचा असेल, तर तसं म्हणायची हिंमत तरी हवी.

यातलं काहीच लगेच होणार नाही, याची मला कल्पना आहे. अर्थसंकल्पाची तयारी डिसेंबरातच सुरू होते, निवेदनं ढिगाने येतात, आणि वाहनधारक म्हणून आमची संघटना नाही. रिक्षावाल्यांची आहे, ट्रकवाल्यांची आहे, आलिशान गाड्यांच्या विक्रेत्यांची तर आहेच. स्कूटरवर क्लासला जाणाऱ्या मुलीची, माझ्यासारख्या फिरत्या दुकानदाराची, मंडपवाल्याची नाही. म्हणून हे पत्र उघड लिहिलंय.

एका प्रश्नाचं उत्तर मात्र यंदा मिळावं, बाकीच्यांना वेळ लागला तरी चालेल. जकात गेली म्हणून जुलै २०१७ मध्ये जे दोन टक्के वाढवले, त्यांतून आजवर किती रक्कम जमा झाली, आणि जकातीची तूट अजून किती बाकी आहे? येत्या अर्थसंकल्पी भाषणात दोन ओळी, किंवा परिवहन खात्याच्या संकेतस्थळावर एक तक्ता. एवढं पुरेल.

आपला,
एक सीएनजी गाडीवाला दुकानदार,
नाशिक